नमुना आणि लॉट: नवा व्हिडिओ गेम पहिल्याच दिवशी का घेऊ नये

माझा भाचा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या रविवारी तो जुळे सोलापूरहून गाडी काढून मुद्दाम आमच्याकडे आला आणि दारात चपला काढता काढताच म्हणाला, "मामा, एकोणीस नोव्हेंबर. आता पक्कंय की. बुकिंग करून टाकू का?"

कशाचं, हे विचारावं लागलं नाही. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ (थोडक्यात जीटीए ६) या गेमची तारीख आहे ती. पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला तेव्हा २०२५ साल सांगितलं होतं. मग २६ मे २०२६ झालं, मग १९ नोव्हेंबर २०२६. याच्या आधीचा पाचवा भाग १७ सप्टेंबर २०१३ ला आला, तेव्हा हा पोरगा बालवाडीत होता. म्हणजे कळत्या वयातली सगळी वर्षं त्याने या एका गेमची वाट बघण्यात काढली आहेत. गेम सुरुवातीला फक्त सोनीच्या पीएस५ आणि मायक्रोसॉफ्टच्या नव्या एक्सबॉक्स या टीव्हीला जोडायच्या गेम मशीनवर येणार, म्हणून तो मशीनसाठीही पैसे साठवतोय.

मी त्याला लगेच ‘नको’ म्हटलं नाही. त्या वयात मीही असाच होतो, आणि नुसतं नको म्हटल्याने कुणाला काही पटत नाही. शिवाय त्याचा प्रश्न बऱ्याच घरांत सध्या चालू असणार. मुलगा चार-पाच हजार मागतो, ट्रेलर दाखवतो, आईवडिलांना त्यातलं काही कळत नाही. म्हणून हा सगळा व्यवहार कसा चालतो ते एकदा नीट मांडतो.

त्या पुलाची गोष्ट

काही वर्षांपूर्वी एका गेमचे ट्रेलर मी दोन वर्षं बघत होतो. नवी पेठेतल्या एका दुकानात ३,९९९ रुपये आगाऊ भरले. गेम आला त्या दिवशी कामावरून सुटून थेट दुकान गाठलं. डबीवरचं प्लॅस्टिक घरी येईपर्यंत फोडलं नाही. मशीनमध्ये डिस्क घातली आणि पडद्यावर ओळ आली: अपडेट डाउनलोड करा. चाळीस जीबीच्या वर. आमच्याकडे तेव्हा केबलवाल्याचं इंटरनेट होतं. रात्री साडेअकराला अकरा टक्के झालं होतं. आम्ही पूर्व भागात राहतो, मागच्या गल्लीत यंत्रमाग चालू होते. तो खडखडाट ऐकत मी त्या सरकणाऱ्या पट्टीकडे बघत बसलो. पहाटे लाइट गेली.

दुसऱ्या दिवशी गेम एकदाचा सुरू झाला. तिसऱ्या तासाला एका पुलावर पाय ठेवला की सगळं बंद पडायचं. तोच पूल, सात वेळा. पाच महिन्यांनी त्याच दुकानात, त्याच काचेच्या कपाटात तीच डबी १,४९९ ला मांडलेली दिसली. तोवर पूलही दुरुस्त झाला होता. पैशाचं वाईट वाटलंच, पण त्याहून वाईट याचं वाटलं की नीट झालेला गेम परत लावायची इच्छाच उरली नव्हती. दोन वर्षांची वाट बघणं त्या पुलावर संपून गेलं.

हाइप म्हणजे काय?

वस्तू हातात येण्याआधी तिच्याभोवती ठरवून तापवत नेलेली उत्सुकता म्हणजे हाइप. ‘ठरवून’ हा शब्द महत्त्वाचा. घोषणा कधी, पहिली झलक कधी, कुठल्या सोहळ्यात किती मिनिटं दाखवायची, तारीख कधी सांगायची, याचं वेळापत्रक असतं.

‘सायबरपंक २०७७’ घ्या. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने तो २०१२ मध्ये जाहीर केला, पहिली झलक जानेवारी २०१३ मध्ये दाखवली, २०१९ मध्ये मंचावर किआनू रीव्ह्ज या हॉलिवूडच्या नटाला आणलं, आणि गेम आला १० डिसेंबर २०२० ला. साडेआठ वर्षं. तेवढ्या काळात ८० लाख लोकांनी तो बघण्याआधीच विकत घेऊन ठेवला होता.

लोक वेडे असतात म्हणून हे होत नाही. ट्रेलर दोन मिनिटांचा असतो, उरलेले साठ तास आपण मनात रचतो. त्यातलं शहर आपल्या आवडीचं असतं, त्यातल्या माणसांना आपल्याला हवे तसे स्वभाव असतात. पैसे भरताना आपण तो मनातला गेम विकत घेत असतो, आणि तो कुठलीच कंपनी देऊ शकत नाही. म्हणून वाट जितकी लांबते तितकी निराशेची जागा वाढते. बनवणाऱ्यांनी प्रामाणिक मेहनत केली असली तरीही.

मग ट्रेलर खोटा असतो का?

बहुतेक वेळा धडधडीत खोटा नसतो. हे समजायला सोलापूरकराला लांब जायला नको.

माझे वडील टॉवेलच्या कारखान्यात होते. मोठी ऑर्डर मिळवायची तर आधी नमुना पाठवायचा असतो. नमुन्याला सूत निवडून घेतात, माग हातखंडा असलेल्या कारागिराकडे देतात, किनार हाताने साफ करतात, धुऊन घडी घालून पाठवतात. तो टॉवेल खरा असतो, त्याच कारखान्यात विणलेला असतो. पण पुढचे दहा हजार टॉवेल रात्रपाळीत, मिळेल त्या सुतावर, घाईत निघतात. म्हणून जाणता व्यापारी नमुना पाहून मान डोलावतो आणि पैसे लॉट बघून देतो. लॉटमधली कुठलीही एक गठडी फोडायला लावतो.

गेमच्या धंद्यात या नमुन्याला व्हर्टिकल स्लाइस म्हणतात. सगळा गेम तयार नसताना त्यातली दहा-पंधरा मिनिटं शेवटच्या हातापर्यंत घासूनपुसून बनवतात, आणि ती महागड्या कॉम्प्युटरवर चालवून दाखवतात. पुढे संपूर्ण गेम आपल्या घरातल्या मशीनवर बसवताना झाडं कमी होतात, उजेड सपाट होतो, रस्त्यावरची गर्दी पातळ होते. ‘वॉच डॉग्ज’ २०१२ मध्ये दाखवला आणि मे २०१४ मध्ये आला, तेव्हा लोकांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून फरक दाखवला होता. ‘एलियन्स: कलोनियल मरीन्स’ या २०१३ च्या गेमचं प्रकरण तर ब्रिटनच्या जाहिरात नियामकापर्यंत गेलं, आणि ट्रेलरमध्ये दाखवलेलं अंतिम गेमशी जुळत नाही हे तो विकणाऱ्या सेगा कंपनीला मान्य करावं लागलं.

बुकिंग नेमकं कशाचं करतो आपण?

गेम यायच्या आधी पैसे भरण्याला प्री-ऑर्डर म्हणतात. आपण गणपतीची मूर्ती आधी सांगून ठेवतो, कारण मूर्तिकाराकडे मूर्ती मोजक्या असतात. डिस्कच्या काळात यालाही अर्थ होता, दुकानात पाचच नग यायचे. आता बहुतेक गेम डाउनलोड होतात. डाउनलोड संपत नाही. पहिल्या दिवशी जितका उपलब्ध असतो तितकाच शंभराव्या दिवशी असतो.

तरी बुकिंग चालू आहे, कारण त्याने कंपनीला आधी पैसा आणि आकडा मिळतो. गिऱ्हाइकाला म्हणून काही चॉकलेटं दिली जातात: एखादी बंदूक, पात्राचा वेगळा पोशाख, दोन-तीन दिवस आधी खेळायची मुभा. या शेवटच्या गोष्टीचा मला खरंच राग येतो. जास्त पैसे देणाऱ्याला आधी सोडणं म्हणजे सगळ्यात कच्चा माल सगळ्यात महाग विकणं.

कोणत्याही गेमबद्दल आपल्याला सगळ्यात कमी माहिती असते ती पहिल्या दिवशी, आणि त्याची किंमत सगळ्यात जास्त असते तीही त्याच दिवशी. दुसऱ्या कुठल्या खरेदीत आपण हे चालवून घेत नाही. चादर घेताना घडी उलगडतो, हातात वजन बघतो, रंग जाईल का विचारतो.

रिव्ह्यू वाचून घेतलं तर?

चांगला प्रश्न आहे, आणि खरी गंमत इथेच आहे.

सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर गड्डा भरतो. लहानपणी आम्ही तिथल्या खेळांच्या तंबूंसमोर उभे राहायचो. बाहेर मोठा रंगवलेला पडदा, भोंग्यावर ओरडा. आत जायचं दार समोर आणि बाहेर पडायचं मागच्या बाजूला. त्यामुळे आत बघून आलेल्याची आणि रांगेत उभ्या असलेल्याची गाठच पडायची नाही.

गेमच्या बाबतीत हे मागचं दार म्हणजे एम्बार्गो. कंपनी समीक्षकांना गेम आधी देते, पण अमुक तारखेच्या अमुक वेळेआधी काही छापायचं नाही असं लिहून घेते. यात मुळात वाईट काही नाही, सगळ्यांना सारखा वेळ मिळावा हा हेतू असतो. वेळ कुठली ठरवली आहे ते बघायचं. विक्रीच्या आठवडाभर आधी रिव्ह्यू येणार असतील तर कंपनीला मालाचा भरवसा आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ अमेरिकेत विक्रीला आला आणि रिव्ह्यू छापायची परवानगी मिळाली त्यानंतर सुमारे बारा तासांनी. तोवर लोकांच्या पडद्यावर पात्रांच्या चेहऱ्यांवरची कातडी गायब होऊन नुसते डोळे आणि दात दिसत होते.

‘सायबरपंक’मध्ये वेगळंच झालं. रिव्ह्यू आधी आले, चांगलेही आले. पण समीक्षकांना फक्त पीसीवरची आवृत्ती दिली होती, आणि व्हिडिओत कंपनीने पुरवलेलीच दृश्यं वापरायची अट होती. जुन्या पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवर तो कसा चालतो, हे विकत घेणाऱ्यांनाच पहिल्यांदा कळलं. तिथे तो इतका अडखळत होता की आठवड्याभरात सोनीने आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि मागणाऱ्यांना पैसे परत दिले. तो परत आला जून २०२१ मध्ये. म्हणून रिव्ह्यू वाचताना ‘चांगला आहे का’ याच्याआधी ‘कुठल्या मशीनवर खेळून लिहिलंय’ हे बघा.

अर्धवट गेम बाहेर सोडतातच का?

पूर्वी गेम काडतुसात (मशीनमध्ये खोचायच्या प्लॅस्टिकच्या डबीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये) किंवा डिस्कवर कायमचा कोरला जायचा. चूक राहिली तर राहिली. तयार गेमची अंतिम प्रत छापायला गेली की ‘गेम गोल्ड झाला’ असं म्हणायचे, म्हणजे आता काम संपलं. आता इंटरनेटवरून दुरुस्तीची ठिगळं पाठवता येतात. त्यांना पॅच म्हणतात. पॅच हा शोध उत्तम आहे, पण त्याने ‘संपलं’ या शब्दाचा अर्थच सैल झाला. ‘सायबरपंक’ गोल्ड झाल्याची घोषणा ५ ऑक्टोबर २०२० ची, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला तो पुन्हा तीन आठवडे पुढे ढकलला गेला. त्याआधी १६ एप्रिल, १७ सप्टेंबर, १९ नोव्हेंबर अशा तारखा होऊन गेल्या होत्या. फ्लॅटची चावी हातात मिळते पण लिफ्ट बसायची असते, जिन्याला रंग नसतो, बिल्डर म्हणतो तुम्ही राहायला या, आम्ही करून देतो. पहिल्या दिवसाचा गेम बऱ्याचदा असा असतो.

मागे पैशाचा दाब असतो. मोठ्या गेमवर शेकडो माणसं पाच-सहा वर्षं पगारावर असतात. जाहिरातींचे फलक, सोहळे, टीव्हीवरचा वेळ आधीच घेतलेला असतो. नाताळ चुकला तर वर्षाचा हिशेब चुकतो, जसा आपल्याकडे दिवाळी चुकलेल्या कापड दुकानदाराचा. तारीख धरून बसायची ही घाई जुनी आहे. अटारी या अमेरिकी कंपनीचा ‘ई.टी.’ हा गेम १९८२ च्या नाताळासाठी पाच-सहा आठवड्यांत उरकला होता. न खपलेली काडतुसं न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरली, आणि २०१४ मध्ये ती खरोखर उकरून काढली. म्हणून ‘पूर्वी सगळं चांगलं होतं’ असं मी म्हणणार नाही. तेव्हा वाईट गेम वाईटच राहायचा, आता तो सुधारू शकतो.

सुधारतात ना? मग घेतला तर बिघडलं काय?

‘नो मॅन्स स्काय’ ऑगस्ट २०१६ मध्ये आला. पहिल्याच दिवशी दोन खेळाडू ठरवून गेममधल्या एकाच ग्रहावर, एकाच जागी पोहोचले आणि एकमेकांना दिसलेच नाहीत, कारण एकत्र खेळायची सोयच नव्हती. ती खऱ्या अर्थाने जुलै २०१८ मध्ये आली. त्या छोट्या कंपनीने पुढे वर्षानुवर्षं फुकट भर घातली आणि आज तो गेम लोक प्रेमाने खेळतात. ‘सायबरपंक’ही २०२३ च्या मोठ्या अपडेटनंतर पार बदलला. मी तो तेव्हा घेतला, निम्म्याहून कमी किमतीत, आणि मला मनापासून आवडला.

पण हे सांगताना पहिल्या दिवसाच्या खेळाडूला काय मिळालं ते विसरलं जातं. त्याने पूर्ण किंमत दिली आणि वर फुकटात चुका शोधून दिल्या. आणि सगळ्यांनाच दुसरी संधी मिळत नाही. ‘कॉन्कॉर्ड’ हा सोनीचा गेम २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला कायमचा बंद झाला. ‘द डे बिफोर’ची लोक वर्षानुवर्षं वाट बघत होते. तो ७ डिसेंबर २०२३ ला आला आणि चारच दिवसांत बनवणाऱ्यांनी कंपनी बंद केल्याचं जाहीर केलं. दोन्हींचे पैसे परत मिळाले, पण त्यावर विसंबून राहता येत नाही.

पैसे परत मिळायचे नियम

पीसीवरच्या स्टीम या दुकानात २०१५ पासून नियम आहे: घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत. चांगला नियम आहे. माझा पूल मात्र तिसऱ्या तासाला आला होता. गेम मशीनच्या ऑनलाइन दुकानांत नियम बहुधा याहून कडक असतात, सोनीच्या दुकानात तर डाउनलोड सुरू केलं की सहसा हक्क जातो. डिस्कचं प्लॅस्टिक फोडलं की दुकानदार सहसा परत घेत नाही, पण डिस्क निदान जुनी म्हणून विकता येते. दाखवलं एक आणि दिलं दुसरं असं वाटलं तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची तरतूद आहे, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं.

फुकटच्या गेमला काय जातंय?

मोबाइलवर खेळणाऱ्यांना हे सगळं परकं वाटेल. पण ‘फौजी’ आठवा. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली, दोनच दिवसांत अक्षय कुमारने या भारतीय गेमची घोषणा केली, आणि लाखो लोकांनी नावनोंदणी केली. २६ जानेवारी २०२१ ला तो आला तेव्हा लोकांनी मनात पबजी धरला होता, आणि हातात आली गलवानची एकट्याने खेळायची मारामारी. शंभर जणांची लढाई नाही, मित्रांशी खेळायची सोय नाही. प्ले स्टोअरवर एका ताऱ्याचा पाऊस पडला. कुणाचा रुपया गेला नाही, तरी चिडले सगळे. हाइपमध्ये पैशाच्या आधी मन गुंततं, ते यावरून कळावं.

"पण मामा, सगळे पहिल्या दिवशी खेळणार"

भाच्याचा हा मुद्दा मला खोडता आला नाही, आणि खोडूही नये. पहिल्या आठवड्यात सगळे मित्र एकाच वेळी एकाच गोष्टीत असतात, रात्री ग्रुपवर त्याच गप्पा, कुणालाच पुढचं माहीत नसतं. तो आनंद नंतर विकत मिळत नाही. थांबणाऱ्याला कथेतलं गुपित कुणीतरी सांगून टाकतं, हेही खरं. ज्याला याचीच किंमत मोजायची आहे त्याने खुशाल मोजावी, फक्त कशाची मोजतोय ते ठाऊक असू द्यावं.

आणखी एक आक्षेप येतो: सगळेच थांबले तर बनवणारे जगतील कसे? सगळे कधीच थांबत नाहीत. आणि दुसरी वाटही आहे. ‘बाल्डर्स गेट ३’ बनवणाऱ्यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये गेमचा पहिला भाग ‘हा अपुरा आहे’ असं उघड सांगून विकला, तीन वर्षं खेळणाऱ्यांचं ऐकत दुरुस्त केला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण गेम आणला. कच्चा माल कच्चा म्हणून विकला तर माझी काहीच तक्रार नाही.

राहता राहिला भाच्याचा गेम. तो चांगला असण्याचीच शक्यता जास्त आहे. पण याच कंपनीचा ‘जीटीए ऑनलाइन’ १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाला तेव्हा सुरुवातीचे दिवस सर्व्हर नीट चालत नव्हते, आणि २०२१ मध्ये जुन्या तीन भागांची नवी आवृत्ती इतक्या चुकांसह आली की कंपनीला माफी मागावी लागली. म्हणून आमचं ठरलं ते असं: आगाऊ पैसे भरायचे नाहीत. १९ तारखेनंतर दोन आठवडे थांबायचं. पीएस५ वर खेळून लिहिलेले रिव्ह्यू आणि साध्या खेळाडूंचे काटछाट न केलेले व्हिडिओ बघायचे. मशीनही तेव्हाच घ्यायचं.

"तोवर काय खेळू?" म्हणाला. मी कपाटातून ती जुनी डबी काढून दिली. माझं जुनं मशीन अजून चालतं, आणि आता घरात फायबर आहे, अपडेट जेवण होईपर्यंत उतरलं. ताटं उचलताना आतून त्याचा आवाज आला, "मामा, पूल कुठाय म्हणत होता? मी तर पलीकडं आलो की." हात धुऊन जाऊन बघितलं. पुलाच्या पलीकडे नदीकाठी एक गाव होतं, उंच धुराडी आणि बाहेर दोऱ्यांवर वाळत घातलेलं रंगीत सूत. मी पहिल्यांदाच बघत होतो.